स्वस्त जागा आणि शेजाऱ्याचा हक्क

आमच्या मंडळींतील एका बंधूनें नुकतेंच आम्हांस विचारलें कीं, "केडगांवाहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत थोडी जागा विकाऊ आहे. वस्ती विरळ, म्हणून भाव हलका. तेथें दोन गाळे बांधून भाड्यानें द्यावे असा मानस आहे. ख्रिस्ती मनुष्यानें असें करणें योग्य कीं अयोग्य?" हा प्रश्न पुष्कळांच्या मनांतला आहे, म्हणून त्याचें उत्तर येथें देतों.

कित्येक म्हणतात, घाम न गाळतां मिळणारें भाडें म्हणजे लोभाची कमाई. आम्हांस हें मत मान्य नाहीं. आपल्याच गांवचा दाखला पाहा. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन उघडलें व पुढल्या वर्षीं तें पुण्यास नेलें. अमेरिकेंतील मित्रांनीं दहा वर्षेंच मदत देण्याचें वचन दिलें होतें. ती मुदत सरल्यावर मुलींनीं काय खावें, या विचारानें बाईंनीं केडगांव स्टेशनाजवळ सुमारें १०० एकर जमीन घेतली आणि उत्पन्नासाठीं फळझाडें लावलीं. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून त्यांनीं शेंकडों निराधार मुली व विधवा आणिल्या. पुण्यांत प्लेगाचे निर्बंध आले, तेव्हां याच जमिनीनें त्या अनाथांस आसरा दिला. उत्पन्नासाठीं घेतलेली जागा मुक्तिसदन झाली. तेव्हां उत्पन्नाची इच्छा हें पाप नव्हे. तें उत्पन्न कोणाकोणास पुरतें, हें पाहावें.

परंतु याहून कठीण गोष्ट भावाची आहे. जागा स्वस्त कां, हें विचारल्यावांचून घेणें बरें नव्हे. पाऊस थोडा, गिऱ्हाईक थोडें, म्हणून भाव कमी असेल, तर घेणाऱ्यानें धोका पत्करला व त्याचें फळ त्यानें खावें. पण विकणाऱ्याच्या डोक्यावर सावकार बसला आहे, अथवा बहिणींस न कळवितां भाऊ विकीत आहे, अथवा जमीन जुन्या वतनाची असून सरकारी परवानगी टाळली जात आहे, म्हणून ती स्वस्त असेल, तर उरलेला पैसा आपला नव्हे. तो दुसऱ्याच्या ताटांतला घांस होय. १९५८ च्या कायद्यानें महार वतनें गेलीं, तरी त्या जमिनींच्या व्यवहारावर बंधनें राहिलीं, तीं याच कारणास्तव कीं गरजवंतास कोणी लुबाडूं नये. आपणांपैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांनीं हें दुःख सोसलें आहे. आपणच तें दुसऱ्यास देणें कसें शोभेल?

अब्राहाम परमुलुखांत उपरा होता. साराच्या कबरेसाठीं एफ्रोनानें शेत फुकट देऊं केलें, तरी त्यानें वेशींत, सर्वांदेखत, ४०० शेकेल रुपें तोलून दिलें. उजेडांत दिलेल्या पुऱ्या मोलाचा व्यवहार शेजाऱ्यास शेजारी ठेवतो.

म्हणून त्या बंधूस आमचें सांगणें असें: जागा अवश्य घ्या. मात्र दलालाच्या शब्दावर घेऊं नका. सातबारा व फेरफार स्वतः वाचा, अगर वाचून घ्या. विकणाऱ्याच्या घरीं जाऊन बसा. त्याच्या बहिणींची संमति त्यांच्याच तोंडून ऐका. मग जो भाव तुम्हीं आपल्या मुलाच्या जमिनीस मागितला असता, तोच द्या. एवढें केल्यावर गाळा लाभला तर देवाचे आभार माना. न लाभला, तरी त्या वाटेनें जातांना मान खालीं घालावी लागणार नाहीं.