दोन फुटांची नीती

कंत्राटदारावर विश्वास ठेवावा की त्याच्याकडून कागद लिहून घ्यावा, या प्रश्नाकडे आमच्या ऋषिमुनींनी साफ दुर्लक्ष केलेलं दिसतं. ते पर्णकुटीत राहत आणि पर्णकुटीला गॅरेज नसे. आमच्या बंगलीला आहे. (बंगली म्हणजे तीन खोल्या आणि एक नारळ.) त्यात स्कूटर सुखानं राही. पुढे बँकेच्या कर्जावर गाडी आली नि ती अर्धी आत, अर्धी उन्हात उभी राहू लागली. तेव्हा 'गॅरेज वाढवा' हा ठराव सौ.नं मांडला आणि तिनंच एकमतानं मंजूर केला.

तारण पाहिल्याशिवाय आम्ही बँकवाले सख्ख्या भावालाही कर्ज देत नाही. पण आमचा हिशेब निदान संध्याकाळी जुळतो. स्लॅबचा हिशेब जुळायला दहा पावसाळे जावे लागतात! बारा मिलिमीटर सळईचं वजन मीटरला ८८८ ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे, हे तराजूवर पाहता येतं. पण सळया किती अंतरावर बांधल्या, हे काँक्रीट पडल्यावर दोघांनाच ठाऊक: एक कंत्राटदार, दुसरा परमेश्वर. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान सात दिवस ओल हवी, असं २००० सालचं आयएस ४५६ हे मानक सांगतं. रविवारी पाणी मारायला कोण येणार, हे मात्र त्यात नाही. म्हणजे बघा, घराची मजबुती कुणी पाहत नसताना झालेल्या कामावर उभी असते.

तिघांना बोलावलं. पहिल्यानं लग्नपत्रिकेच्या पाठीवर एक आकडा लिहिला आणि चहा पिऊन गेला, तो गेलाच. दुसरे गृहस्थ गोड बोलणारे आणि दरानं सर्वांत स्वस्त.

"साहेब, कंपाउंडच्या बाजूला दोन फूट जास्त घेऊ. मार्जिन कोण मोजतंय? नगरपालिकेचं मी बघतो. आपल्यावर विश्वास ठेवा."

दोन फूट फुकट! मध्यमवर्गीय माणूस याहून कमीत विरघळतो. सौ. मात्र ते जाईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "तुमच्यासाठी नगरपालिकेला फसवणारा माणूस स्वतःसाठी तुम्हाला का नाही फसवणार?"

बी.कॉम.ला १८७२ चा करार कायदा पाठ केला होता, तो एवढ्या वर्षांनी कामी आला. कलम २३ म्हणतं, बेकायदा उद्देशाचा करार रद्दबातल. म्हणजे उद्या सळया कमी निघाल्या, तर हे दोन फूट पोटात घेऊन कोर्टात काय तोंडानं जाणार? शिवाय १९६६ च्या नगररचना कायद्याखाली पाडापाडीची नोटीस येते, ती मालकाच्या नावानं.

पण कायदा राहू द्या. आपल्याला खरं तर असा माणूस हवा असतो, जो आपल्या फाटकाबाहेर शकुनी आणि आत हरिश्चंद्र. बिलाशिवाय सिमेंट त्यानं आणावं, पण गोण्या मात्र बरोबर मोजाव्यात! त्याला आपण बाहेर लबाडी करायला शिकवणार, आणि आत आला की त्यानं ती चपलांबरोबर काढून ठेवावी, ही आपली अपेक्षा.

तिसरे गृहस्थ आले, जागा मोजली आणि म्हणाले, "आधी नकाशा मंजूर करून घ्या, मग बोलवा." दर दहा टक्के जास्त. काम त्यांनाच दिलं. पाच टक्के रक्कम एक पावसाळा राखून ठेवायची, या अटीवर सही घेताना मी ओशाळून म्हटलं, "अविश्वास समजू नका हं."

"छे हो! तुमच्या बँकेत जामीन घेता, तो काय समोरचा चोर म्हणून?"

एवढ्या वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं. कागद भांडणासाठी असतो. कागदात न मावणारं जे उरतं, तेवढ्यापुरता विश्वास. आणि तो ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं.

गाडी आता आत मावते. डिकी उघडायची तर तेवढी बाहेर काढावी लागते. स्लॅब पडल्यानंतरच्या रविवारी भर दुपारी त्यांचा माणूस पाणी मारायला आला होता. मी पडद्याआडून पाहिलं. विश्वास होताच, पण खात्री केलेली बरी.