धावण्याची ओढ आणि संमती

अलास्कातील इडिटारॉड ही स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांची शर्यत १९७३ पासून अँकोरेज ते नोम अशी सुमारे १,६०० किलोमीटर चालते. आघाडीचे चमू हे अंतर नऊ-दहा दिवसांत कापतात. शर्यतीच्या समर्थनार्थ १९२५ ची आठवण दिली जाते. नोममध्ये घटसर्पाची साथ आली तेव्हा कुत्र्यांच्या चमूंनी एकामागून एक टप्पे पार करत औषध पोहोचवले होते. पण तेव्हा मुलांचे प्राण पणाला लागले होते. गरजेला दिलेली सूट खेळाला आपोआप मिळत नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. या कुत्र्यांना धावण्याची मनापासून ओढ असते. गाडीला जुंपताना ती अधीर होऊन उड्या मारतात. हे खरेच आहे. मात्र पुढे किती वाट आहे, हे त्यांना ठाऊक नसते. शिवाय ही ओढही माणसानेच पिढ्यान्‌पिढ्या निवडक पैदाशीतून जोपासली आहे. अशा ओढीला संमती म्हणणे कठीण आहे.

तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने १७८९ मध्ये प्राण्यांच्या बाबतीत बुद्धीऐवजी वेदनेला नैतिक कसोटी मानले. त्या कसोटीवर चोवीस तासांची सक्तीची विश्रांती आणि टप्प्यांवरचे पशुवैद्य मोलाचे ठरतात, पण पुरेसे नाहीत. २०२४ च्या शर्यतीत तीन कुत्री दगावली. दमलेले कुत्रे वाटेत मागे ठेवता येते. पण त्याची दमणूक सर्वांत आधी ओळखू शकणारा चालकच जिंकण्यासाठी धावत असतो. या हितसंबंधामुळे शर्यतीचे सध्याचे स्वरूप समर्थनीय ठरत नाही.