घेणाऱ्याच्या हातात काय पडतं?

परदेशात राबणाऱ्या माणसाला घरी पैसे पाठवणं किती महाग पडतं, हे जागतिक बँक वर्षानुवर्षं मोजत आली आहे. दोनशे डॉलर पाठवायचे तर जगाच्या सरासरीनं सहा टक्क्यांहून जास्त रक्कम वाटेतच जाते. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत त्याहूनही जास्त. २०३०पर्यंत हा खर्च तीन टक्क्यांच्या खाली आणायचं उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी ठरवलं आहे, पण ते अजून बरंच दूर आहे. दोनशेमागचे ते बारा-तेरा डॉलर म्हणजे कुणाच्या तरी घरातली महिन्याची औषधं असतात. म्हणून ‘बँक नको, दलाल नको, थेट माझ्या फोनवरून तुझ्या फोनवर’ असं क्रिप्टोचलनाच्या पुरस्कर्त्यांनी म्हटलं, तेव्हा ते गांभीर्यानं ऐकण्यासारखं होतं. आजही आहे.

पण या विषयावरचं बहुतेक बोलणं पाठवणाऱ्याच्या बाजूनं होतं. पैसे किती सेकंदांत गेले, शुल्क किती पडलं, सरकारला अडवता आलं की नाही, एवढंच विचारलं जातं. मला ते दुसऱ्या टोकाकडून पाहायचं आहे. जिच्या हातात पैसे पडायचे होते, तिला ते कधी मिळाले, कोणत्या रूपात मिळाले, आणि वाटेत काही बिघडलं असतं तर नुकसान कुणाचं झालं असतं?

क्रिप्टो खरोखर उपयोगी पडलं असं एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर सतत असतं, ते अफगाणिस्तानातल्या हेरात शहराचं. फेरेश्ते फरूग या अफगाण बाईंचा जन्म इराणमध्ये निर्वासित कुटुंबात झाला. त्यांनी हेरातमध्ये मुलींना संगणकाचं कोडिंग शिकवणारी ‘कोड टू इन्स्पायर’ ही संस्था उभी केली. ऑगस्ट २०२१मध्ये तालिबाननं काबूल घेतलं आणि देशाचा पैसाच आटला. मध्यवर्ती बँकेची सुमारे सात अब्ज डॉलरची गंगाजळी अमेरिकेत गोठली. वेस्टर्न युनियननं काही काळ सेवा थांबवली. बँकांपुढे रांगा लागल्या, आणि रांगेत उभं राहूनही आठवड्याला दोनशे डॉलरपेक्षा जास्त रक्कम काढता येत नव्हती. त्या काळात फरूग यांनी आपल्या विद्यार्थिनींच्या फोनमधल्या वॉलेटवर क्रिप्टोचलन पाठवलं. मुलींनी ते शहरातल्या सराफाकडे नेऊन त्याचे अफगाणी केले, आणि घरात पीठ-तेल आलं.

इथे तंत्रज्ञानानं जे केलं ते दुसऱ्या कुणाला सहज जमलं नसतं, हे मान्य करायलाच हवं. ज्या मुलीच्या नावावर बँकेत खातं नाही, जिला पुरुष नातेवाइकाशिवाय घराबाहेर पडणं अवघड झालं आहे, तिच्या हातात थेट तिच्या मालकीचे पैसे येणं ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र या मुली आधीच शिकलेल्या होत्या. वॉलेट म्हणजे काय, ते उघडणारे गुप्त शब्द कसे जपायचे, हे त्यांना ठाऊक होतं. आणि शेवटी नोटा दिल्या त्या सराफानंच. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२२मध्ये, तालिबानच्या पोलिसांनी हेरातमधली क्रिप्टोची दुकानं बंद करून दुकानदारांना पकडलं. ब्लॉकचेनला, म्हणजे क्रिप्टोच्या सामायिक खातेवहीला, तेव्हा काहीही झालं नव्हतं. वॉलेटमधले पैसेही जागेवर होते. बंद झालं होतं ते फक्त नोटा देणारं दुकान.

हीच गोष्ट एल साल्वादोरमध्ये उलट्या बाजूनं दिसली. मध्य अमेरिकेतल्या या छोट्या देशाची अर्थव्यवस्था अमेरिकेत गेलेल्या लोकांनी पाठवलेल्या पैशांवर चालते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त रक्कम तिथून येते. देशाचं स्वतःचं चलन उरलेलं नाही, २००१पासून व्यवहार अमेरिकी डॉलरमध्येच होतात. ७ सप्टेंबर २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांच्या सरकारनं बिटकॉइनला डॉलरच्या बरोबरीनं कायदेशीर चलन केलं. असं करणारा हा जगातला पहिला देश. पैसे पाठवणाऱ्या कंपन्यांच्या खिशात दरवर्षी जाणारे कोट्यवधी डॉलर आता जनतेचे वाचतील, अशी घोषणा झाली. ‘चिवो’ नावाचं सरकारी ॲप आलं आणि ते घेणाऱ्या प्रत्येकाला तीस डॉलरचं बिटकॉइन फुकट मिळालं.

लोकांनी ॲप घेतलं, तीस डॉलर खर्च केले आणि बहुतेकांनी ॲप बाजूला ठेवलं. अर्थतज्ज्ञांनी अठराशे कुटुंबांची पाहणी केली तेव्हा हेच चित्र दिसलं. पुढच्या दोन वर्षांत परदेशातून आलेल्या एकूण रकमेपैकी क्रिप्टो वॉलेटमधून आलेला वाटा दोन टक्क्यांच्याही खालीच राहिला. लोक अडाणी होते म्हणून असं झालं, हे स्पष्टीकरण मला पटत नाही. त्यांचा हिशेब चोख होता. अमेरिकेतून तिथे पैसे पाठवणं जगाच्या सरासरीपेक्षा आधीच स्वस्त होतं. आणि ज्या आईला दर महिन्याला भाडं आणि वीजबिल डॉलरमध्ये भरायचं आहे, तिनं नोव्हेंबर २०२१मध्ये सदुसष्ट-अडुसष्ट हजार डॉलरवर असलेलं आणि वर्षभरात सतरा हजारांखाली गेलेलं चलन का सांभाळावं? शुल्कात वाचलेले पाच डॉलर एका दुपारच्या भावघसरणीत जातात. शिलकीवर जगणाऱ्याला ही जोखीम परवडते, आजच्या पैशांवर आजचं घर चालवणाऱ्याला परवडत नाही. डिसेंबर २०२४मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी १.४ अब्ज डॉलरच्या कर्जाचा समझोता करताना एल साल्वादोरनं माघार घेतली, आणि जानेवारी २०२५मध्ये कायदा बदलून दुकानदारांवरची बिटकॉइन स्वीकारण्याची सक्ती काढून टाकली.

पैसा दूर पाठवणं कधीच फार अवघड नव्हतं. तारेच्या काळापासून ते सोपंच होत आलं आहे. अवघड असतो तो शेवटचा कोस, आणि शुल्कातला बराचसा भाग त्या कोसाचाच असतो. कोकणाला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत राबणाऱ्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरींवर रत्नागिरी जिल्ह्यातली घरं चालली. मनीऑर्डरचं कमिशन वीस रुपयांना एक रुपया होतं, म्हणजे पाच टक्के. गरिबासाठी ते थोडं नव्हतं. पण त्या पाच टक्क्यांत पोस्टमन पऱ्ह्या ओलांडून, पाखाड्या चढून वाडीपर्यंत यायचा. नोटा मोजून हातात द्यायचा, लिहिता न येणाऱ्या म्हातारीचा अंगठा साक्षीदारासमोर उठवून घ्यायचा, आणि फॉर्मच्या तुकड्यावर मुलानं लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखवायचा. पोच परत मुंबईला मुलाच्या हाती पडायची. पैसे आलेच नाहीत तर कोणत्या कचेरीत जाऊन विचारायचं, हेही घरात सगळ्यांना माहीत असायचं.

केनियात २००७मध्ये सुरू झालेल्या एम-पेसाचं यशही मला इथेच दिसतं. साध्या फोनवरच्या संदेशातून पैसे पाठवण्याची युक्ती चांगली होतीच. पण ती रुजली ती गावोगावच्या दुकानदारांमुळे. किराणा विकणारा, फोनचं रिचार्ज मारून देणारा माणूसच एजंट झाला, नोटा घेऊ लागला आणि देऊ लागला. तो ओळखीचा असतो, उद्याही तिथेच भेटतो. क्रिप्टोच्या वाटेवर दलाल नको म्हणताना आपण याच माणसाला वगळायला निघालो होतो, आणि हेरातपासून सान साल्वादोरपर्यंत सगळीकडे तोच पुन्हा आवश्यक ठरला.

महाराष्ट्रातल्या घरांनाही हा प्रश्न परका नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४मध्ये भारतात परदेशातून सुमारे ११९ अब्ज डॉलर आले, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा, साधारण वीस टक्के, महाराष्ट्राचा होता. दुबईतल्या मुलानं खेडमधल्या आईला उद्या क्रिप्टोत पैसे पाठवले, तर तिला आधी त्याचे रुपये करून देणारा कुणी अनोळखी खरेदीदार शोधावा लागेल. विकताना एक टक्का टीडीएस कापला जाईल. आणि त्या अनोळखी माणसानं तिच्या खात्यात टाकलेले रुपये कुणाच्या फसवणुकीतले निघाले, तर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तिचंच खातं गोठवेल. असं घडल्याच्या तक्रारी देशभर आहेत. वाटेतले चार टक्के वाचवण्यासाठी आईला या फेऱ्यात ढकलावं, असं मला वाटत नाही. त्यापेक्षा भारताचं यूपीआय आणि सिंगापूरचं पेनाऊ फेब्रुवारी २०२३मध्ये एकमेकांना जोडलं गेलं, तसे रस्ते आखातातल्या देशांशी लवकर जोडावेत, ही मागणी जास्त मोलाची आहे.

दानाच्या बाबतीत घेणाऱ्याचा विचार आणखी मागे पडतो, कारण तिथे देणाऱ्याचा शब्द मोठा असतो. एल साल्वादोरच्या किनाऱ्यावर एल झोंते नावाचं गाव आहे, आता ‘बिटकॉइन बीच’ म्हणून ओळखलं जाणारं. तिथे २०१९मध्ये एका निनावी दात्यानं बिटकॉइन दिलं, पण ते डॉलर करून न वाटता बिटकॉइन म्हणूनच गावात फिरावं, अशी त्याची इच्छा होती. गावात काही चांगली कामं झाली, मुलांना रोजगार मिळाला. तरीही तिथे गरज गावाची होती आणि रूप दात्यानं ठरवलं, हे मला खटकतं. पाण्याची टाकी हवी असलेल्या गावाला आपल्या आवडीच्या प्रयोगात सामील होण्याच्या बोलीवर मदत देणं म्हणजे मदतीवर आपला हक्क राखून ठेवणं आहे. शिवाय वाढलेलं क्रिप्टो विकण्याऐवजी दान केलं, तर अमेरिकेत नफ्यावरचा कर वाचतो. त्यात गैर काही नाही, पण दात्याला काय मिळतं याचाही उल्लेख व्हायला हवा.

आपल्याकडे २०२१मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत याची फार मोठी परीक्षा झाली. ऑक्सिजनसाठी लोक रात्रभर सिलिंडर घेऊन फिरत होते, तेव्हा क्रिप्टो क्षेत्रातले उद्योजक संदीप नैलवाल यांनी क्रिप्टोतून मदतनिधी सुरू केला. मे महिन्यात इथेरियम या क्रिप्टो जाळ्याचे सहसंस्थापक विटालिक ब्युटेरिन यांनी त्यात शिबा इनू नावाची पन्नास लाख कोटी नाणी टाकली. बाजारभावानं ती जवळपास एक अब्ज डॉलरची होती. बातमी येताच त्या नाण्याचा भाव कोसळला, आणि निधीला ती थोडी थोडी करून, जपून विकावी लागली. विकून आलेले पैसे देशात खर्च करताना परदेशी देणग्यांचा कायदा आडवा होता. २०२०च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतूनच यावी लागते, आणि एका संस्थेनं ती दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. २०२२च्या सुरुवातीला निधीनं दहा कोटी डॉलर ब्युटेरिन यांच्याकडेच परत पाठवले, त्यांनी ते जागतिक कोविडकामासाठी वापरावेत म्हणून. निधीनं पुष्कळ कामही केलं, आणि देणाऱ्यांची तळमळ खरी होती याविषयी मला शंका नाही. पण मे महिन्यात श्वास लागलेल्या माणसाला एक अब्जाच्या आकड्याचा उपयोग नव्हता. त्याला त्या रात्री त्याच्या गावातला सिलिंडर हवा होता.

क्रिप्टोदानाच्या बाजूनं नेहमी पारदर्शकतेचा मुद्दा मांडला जातो. प्रत्येक पैसा खातेवहीवर सर्वांना दिसतो, मध्ये कुणी खाऊ शकत नाही, असं म्हणतात. मला विचारावंसं वाटतं, दिसतो तो कुणाचा? जॉर्डनमधल्या अझराक छावणीत जागतिक अन्न कार्यक्रमानं २०१७पासून ब्लॉकचेनवर सिरियन निर्वासितांची मदत नोंदवायला सुरुवात केली. बाई दुकानात जाते, पैसे देताना यंत्रासमोर डोळा धरते, बुबुळाची ओळख पटते आणि तिच्या खात्यातून रक्कम वजा होते. बँकेच्या शुल्कात चांगली बचत झाली, तेवढ्यात आणखी लोकांना अन्न मिळालं. हे खरं आहे आणि महत्त्वाचंही. पण त्या बाईनं कधी काय विकत घेतलं याची नोंद राहिली, आणि तिला मात्र ‘नको’ म्हणायची सोय नव्हती, कारण नको म्हटलं तर घरात भाकरी येणार नव्हती. देणाऱ्या सरकारांच्या आणि संस्थांच्या कचेऱ्यांत पैसा कुठे अडला, हे तिला दिसत नव्हतं. पारदर्शकता हवी तर ती आधी तिथे हवी.

आता बिटकॉइनची जागा डॉलरला बांधलेल्या स्टेबलकॉइननं घेतली आहे, आणि भावाची भीती त्यामुळे खरोखरच कमी झाली आहे. डिसेंबर २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयानं युक्रेनमधल्या विस्थापितांना यूएसडीसी नावाच्या अशाच नाण्यात मदत पाठवायला सुरुवात केली. घेणाऱ्याला ते मनीग्रामच्या खिडकीवर रोखीत बदलता येत होतं. घरदार सोडून पळणाऱ्या माणसाला नोटांची थैली सोबत न बाळगता सीमा ओलांडता येणं हा मोठा दिलासा आहे. युद्ध, कोसळलेलं चलन, बंद पडलेल्या बँका, अशा ठिकाणी ही वाट मोकळी राहायला हवी असं मला मनापासून वाटतं. मात्र मार्च २०२३मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली आणि यूएसडीसीचे ३.३ अब्ज डॉलर तिथे अडकल्याचं कळलं, तेव्हा एका डॉलरचं ते नाणं काही काळ अठ्ठ्याऐंशी सेंटच्याही खाली गेलं होतं. दोन-तीन दिवसांत भाव सावरला. नेमक्या त्याच दिवशी कुण्या विस्थापित बाईला भाडं भरायचं असेल, तर ते बारा सेंट कुणी सोसायचे, हे मदत देणाऱ्या संस्थेनं पहिला व्यवहार होण्याआधी लिहून द्यायला हवं. फोन हरवला किंवा गुप्त शब्द विसरले, तर तिनं कुणाकडे जायचं, हे तिच्या भाषेत तिला सांगायला हवं. आणि तिनं रोख मागितली तर रोखच द्यायला हवी.