नाइलाज की निवड?

मराठीत 'निवडणे' हा शब्द आपण दोन ठिकाणी वापरतो. मुलासाठी शाळा निवडतो, नोकरी निवडतो, पंचायतीवर माणसे निवडतो. आणि घरी तांदूळ निवडतो, भाजी निवडतो. आम्हांस वाटते की पहिल्या निवडीचे मर्म या दुसऱ्या निवडण्यात आहे. तांदूळ निवडणारी बाई ताट उजेडाकडे धरिते, दाणे बोटांनी पसरिते आणि खडे बाजूस काढिते. घाई झाली तर खडा राहून जातो, आणि तो पुष्कळदा दुसऱ्याच कोणाच्या तरी दाताखाली येतो.

हैदराबादेत जामबाग म्हटले की बहुतेकांस फुलांचा बाजार आठवतो. मराठी कुटुंबांस मात्र तेथील विवेकवर्धिनी आठवते. केशवराव कोरटकर व त्यांचे सहकारी यांनी 1907 साली ही शाळा काढली. 'विवेक' हा शब्द संस्कृतातील 'विच्' या धातूपासून आला आहे. वेगळे करणे, धान्य पाखडून कोंडा निराळा करणे, असा त्याचा अर्थ. म्हणजे विवेक आणि तांदूळ निवडणे ही एकाच घरची दोन कामे आहेत.

त्या काळच्या मराठी बापापुढील प्रश्न पाहा. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले तेही उर्दू माध्यमाचे. पोराला नोकरी लागावी तर उर्दू हवी. त्याने आजीशी बोलावे, गावाकडचे पत्र वाचावे, तर मराठी हवी. उर्दूकडे वळणारा बाप आपल्या भाषेचा वैरी नव्हता आणि मराठी धरून बसणारा अव्यवहारी नव्हता. दोघांच्याही ताटात तांदूळ होते आणि खडेही होते.

पुढे काय झाले? सप्टेंबर 1948 मध्ये निजामाची सत्ता गेली आणि लवकरच विद्यापीठात उर्दूच्या जागी इंग्रजी आली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद शहर आंध्र प्रदेशात राहिले. मग जामबाग, कोठी, सुलतान बाजार येथील मराठी घरांपुढे नवा प्रश्न उभा राहिला: येथेच राहावे की मराठी मुलखात जावे? 2014 साली तेलंगण राज्य झाले. एका आजोबाच्या हयातीत सरकार आणि राजभाषा इतक्या वेळा बदलल्या, की तीस वर्षांपुढचे पाहून केलेला कोणाचाही हिशेब पुरा पडला नसता.

यावरून कोणी म्हणेल, "मग विचार तरी कशाला करावा? जे व्हायचे ते होईल." आमच्या मंडळ्यांतही हे बोलणे ऐकू येते, आणि त्यास कधी कधी 'देवाची इच्छा' असे नाव दिले जाते. परंतु शास्त्रात असा आळस शिकविलेला नाही. शखेमात यहोशवाने लोकांस निवड करावयास सांगितले. त्यांनी भराभर होकार दिला, तेव्हा तो खूश झाला नाही. उलट, हे तुम्हांस झेपणार नाही असे त्याने त्यांस बजाविले. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हे प्रभूनेही सांगितले. निवडीचे फळ आपल्या हाती नसते; तिची किंमत पाहणे मात्र आपल्या हाती असते. म्हणून निवड चांगली की वाईट हे केवळ ती फळास आली की नाही यावरून ठरवू नये. ती करिताना ताट उजेडाकडे धरिले होते काय, हे विचारावे.

येथे आपला एक लाडका शब्द आडवा येतो: नाइलाज. समजा, घरी एक मुलगा व एक मुलगी आहे. फीचे पैसे दोघांस पुरत नाहीत. मुलास मोठ्या शाळेत घातले जाते, मुलीस जवळच्या. आणि दोन वर्षांनी धाकट्याला सांभाळावयास तीही सुटते. बापास विचारावे तर तो म्हणतो, "नाइलाज होता." पैसा कमी होता हे खरे. पण कमी पैशात कोणाचे काय कापावे हा नाइलाज नव्हता, ती निवड होती. आणि तिची किंमत जिने भरली तिला कोणी विचारिले नव्हते. परगावची बढती घेणारा आणि म्हाताऱ्या आईस मागे ठेवणारा, "बघू, बघू" म्हणत बहिणीचा वाटा लांबविणारा, हेही याच शब्दाआड उभे राहतात. 'बघू' म्हणणे हीसुद्धा निवडच असते.

कधी खरोखरच दुसरी वाट नसते. तेव्हा कोणी स्वतःस दोषी मानू नये. पण तेथेही एक काम उरते, आणि विवेकवर्धिनीच्या संस्थापकांकडून ते शिकण्यासारखे आहे. आपल्यापुढे असलेल्या शाळांतून एक निवडून ते थांबले नाहीत. जी निवड इतरांस मिळत नव्हती ती मिळावी म्हणून त्यांनी शाळाच उभी केली. ज्या मंडळीत एका मुलीच्या फीसाठी चार घरे वर्गणी काढितात, त्या मंडळीने एका बापाचा नाइलाज दूर केलेला असतो.

पौलाने फिलिप्पैकरांसाठी केलेली प्रार्थना येथे आठवते. प्रीतीने विवेकाची जोड घेऊन वाढत जावे, असे तो मागतो. नुसता विवेक हिशेबी होतो. नुसती प्रीती जवळच्यापुरतीच राहते. दोन्ही मिळाल्या म्हणजे माणूस विचारू लागतो, "या निवडीतला खडा कोणाच्या दाताखाली जाणार?"

तेव्हा, वाचकहो, या आठवड्यात घरी जे काही ठरवावयाचे असेल, ते ठरविण्यापूर्वी ज्याला त्याची झळ लागणार आहे त्याला जवळ बसवा. ती धाकटी मुलगी असेल, म्हातारी आई असेल. आधी तिचे ऐकून घ्या आणि मग ठरवा. आणि ठरविल्यावर "नाइलाज होता" असे न म्हणता "हे आम्ही ठरविले" असे म्हणा.