नियमपालन आणि व्यसनत्याग

मार्गाचा उपदेश घेणाऱ्याने सप्तव्यसनांचा त्याग करावा, हे सर्वमान्य आहे. परंतु आश्रमात शिकणारा पंधरा वर्षांचा मुलगा केवळ शिक्षेच्या भयाने तंबाखूस शिवत नसेल, तर त्यास त्याग म्हणावे काय?

बीड जिल्ह्यात हा प्रश्न पोथीपुरता नाही. ऊसतोडीचा हंगाम आला की असंख्य कुटुंबे कोयता घेऊन परमुलखी जातात. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांकडे, वसतिगृहात किंवा आश्रमात वाढतात. भूक व शीण मारण्यासाठी मळलेली तंबाखू त्यांनी फडावर लहानपणीच पाहिलेली असते.

असा एखादा मुलगा विचारील, "जुगार, चोरी, मांस, मद्य, शिकार, वेश्यागमन व परस्त्रीगमन या सातांत तंबाखू कोठे आहे?" ती त्या गणनेत नाही, हे खरे, कारण सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या काळी, तेराव्या शतकात, ती या देशी आलीच नव्हती. केवळ यादी पाठ करणारा येथे निरुत्तर होतो. जीवास परतंत्र करते ते व्यसन, हे ज्यास उमगले, त्यास यादीची गरज उरत नाही. सूत्रपाठात 'आचार' प्रकरणासोबत 'विचार' प्रकरणही आहे, याचे मर्म येथे ध्यानी यावे.

राज्यात २०१२ पासून गुटख्यास बंदी आहे. अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. तरीही पुडी मिळतेच. निव्वळ सुपारीही निर्दोष नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तिची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली. सुपारीच्या नित्य सेवनाने गाल आतून ताठरतात, तिखट सोसेनासे होते, पुढे तोंडही पुरते उघडत नाही. आश्रमातून घालवितील या धाकाने मुलगा हे लपवितो. धाकाने व्यसन सुटत नाही, दृष्टिआड होते. आणि रोग मात्र वाढत राहतो.

मग नियम सैल करावा काय? मुळीच नाही. परंतु मार्गात प्रायश्चित्ताचीही सोय आहे, आणि दोष उघड केल्यावाचून प्रायश्चित्त घडत नाही. जेथे दोष सांगण्याची सोय नाही, तेथे नियम अपुरा आहे. म्हणून महंतांनी मुलास जवळ बसवून विचारावे, कारण समजावून द्यावे, तोंडात चट्टा दिसताच वैद्याकडे न्यावे. वासनिकांनी आपल्या खिशातील डबी आधी टाकावी. कारण मुलगा पोथीआधी वडीलधाऱ्यांचे आचरण वाचतो. भयाने पाळलेला नियम आश्रमाच्या उंबरठ्यावरच राहतो. विचाराने स्वीकारलेला नियम मुलासोबत फडापर्यंत जातो.