कुणासाठी सोडायचं?

उपवासाला रताळं चालतं आणि ज्वारी चालत नाही, याचं पटेल असं कारण मला आजवर कुणी दिलेलं नाही. रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. जुन्या धर्मशास्त्रकारांना जे ठाऊकच नव्हतं ते त्यांनी निषिद्ध ठरवलं नाही, एवढाच अर्थ मला लागतो. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. कारण कळलं नाही तरी नियम पाळता येतो, हे मला मान्य आहे. माझी एकादशी त्यामुळे कधी अडली नाही. ती अडवली नातीनं.

पोरगी पुण्यात शिकते. तिनं दूध, दही, तूप आणि मधही सोडलाय. आषाढीला कोल्हापुरात आली आणि माझी रताळ्याची खीर बघून म्हणाली, "आज्जी, नारळाच्या दुधात कर की." मी केली. देवाधर्मापेक्षा नात उपाशी राहील याची काळजी मोठी.

ही खीर सोपी आहे, पण घाईची नाही. बेळगावकडची लाल सालीची रताळी अर्धा किलो घ्यायची. कुकरला लावायची नाहीत. जाड बुडाच्या कढईत झाकण ठेवून अगदी मंद आचेवर भाजायची. साधारण 60 ते 75 अंशांच्या टप्प्यात रताळ्यातलं अमायलेज नावाचं विकर पिष्टाची साखर करतं; तो टप्पा रेंगाळत गेला तर रताळं आपणच गोड होतं. मग पाव वाटी गूळ पुरतो. साल काढून कुस्करायचं, नारळाच्या दुसऱ्या पातळ दुधात शिजवायचं, गूळ विरघळला की गॅस बंद करायचा आणि मग पहिलं घट्ट दूध घालायचं. ते उकळलं की फाटतं. वेलची, किंचित जायफळ. तूप नाही म्हणून काही अडत नाही, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं.

गूळ आमच्या भागातला. गुऱ्हाळात काहिलीत रस तापला की मळी वर यावी म्हणून भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. उपवासाला भेंडी चालत नाही म्हणणाऱ्या घरांत हा गूळ बिनदिक्कत चालतो, हे जाता जाता.

नात या खिरीला पौष्टिक म्हणते. मी एवढं म्हणणार नाही. गूळ ही साखरच, आणि पांढऱ्या गराच्या रताळ्यात बीटा-कॅरोटीन नावापुरतं असतं. ते भरपूर असतं नारिंगी गराच्या जातीत. पोट मात्र साबुदाण्यापेक्षा हलकं राहतं.

खरी पंचाईत वाटी शेजारी न्यायची वेळ आली तेव्हा झाली. शेजारच्या काकू जैन. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडचे जैन मराठी बोलणारे, पिढ्यान् पिढ्या शेती करणारे. काकू रताळं खात नाहीत. कंदमूळ म्हणजे अनंतकाय, एका देहात अनंत जीव. नात त्यांना म्हणाली, "काकू, रताळ्याला वेदना होत नाहीत, वासराला होतात." काकू शांतपणे म्हणाल्या, "तुला दिसत नाहीत म्हणून नाहीत, असं कसं? आणि वेलीवरचं फळ तोडलं तर वेल राहते बाळ. कंद उपटला की सगळंच गेलं." काकूंच्या घरी दोन वेळा दुधाचा चहा होतो, हे नातीच्या ओठांवर आलं होतं. मी डोळ्यांनीच थांबवलं.

त्या रात्री मला गांधीजींची शेळी आठवली. दक्षिण आफ्रिकेत 1912 साली टॉल्स्टॉय फार्मवर, मित्र कॅलनबाख यांच्यासोबत, त्यांनी दूध सोडलं. कलकत्त्याचे गवळी गाई-म्हशींचे जे हाल करत त्यांची वर्णनं त्यांच्या वाचनात आली होती. खेडा सत्याग्रहानंतर 1918 मध्ये ते मरणाच्या दारात गेले, तरी दूध घेईनात. तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली: प्रतिज्ञा करताना मनात गाय-म्हैस होती, शेळीला काय हरकत? गांधीजींनी शेळीचं दूध घेतलं आणि त्याची टोचणी आयुष्यभर बाळगली. आत्मकथेत ते लिहितात की हे दूध त्यांना अहिंसेपेक्षा सत्याच्या बाजूनं जास्त सलतं. अक्षर पाळलं, आशय मोडला.

इथं मला माझा गुंता सुटल्यासारखा वाटतो. सोडण्याचे दोन प्रकार आहेत आणि आपण ते एकाच ताटात वाढतो. उपवासात मी सोडते ते माझ्यासाठी. तिथं प्रश्न एवढाच की माझ्या जिभेचं काय झालं. म्हणून उपवासात पर्यायी पदार्थ ही पळवाट आहे; एकादशीला बोटं चाटत खीर खाल्ली तर ती दुधाची की नारळाची, यानं काही फरक पडत नाही. नात सोडते ते वासरासाठी. तिला चव सापडली, मजा आली, जराही त्रास झाला नाही, तरी वासराचं दूध वासराला राहिलंच. तिच्या व्रतात पळवाट हीच वाट आहे. काकूंचं सोडणंही दुसऱ्या जीवासाठीच. फक्त जीव कुणाला म्हणायचं याची मोजणी त्या आमच्या आधीपासून सुरू करतात. कुणाचं गणित बरोबर, हे मी सांगू शकत नाही. वासराचा हंबरडा मी ऐकलाय, रताळ्याचा नाही; माझा कल नातीकडे जातो तो एवढ्यावरच, आणि काकू म्हणतील की हा पुरावा माझ्या कानांचा आहे.

तेव्हापासून एकादशीला मी नुसतं भाजलेलं रताळं खाते, गुळाशिवाय. खीर द्वादशीला, पारण्याला, आणि ती नारळाच्या दुधातच. काकूंसाठी त्याच दुधात दुधी भोपळ्याची करते. त्यांना ती आवडते. नारळाचं दूध कशासाठी, ते त्यांनी विचारलेलं नाही.

नातीनं पंचामृताचा विषय अजून काढलेला नाही. दूध, दही, तूप, मध हे चार तिच्या यादीतून गेलेले, उरते साखर. बाळकृष्णाला पाण्यानं अंघोळ घातली तरी चालते, हे गुरुजीही सांगतील. पण तांब्यातून दुधाची धार धरताना माझ्या सासूबाईंचा हात मला माझ्या हाताखाली जाणवतो, आणि ती धार मला सोडायची नाहीये. रताळ्याच्या खिरीत माझं काहीच गेलं नव्हतं.