ईदची वाट

आठवीच्या भूगोलाच्या तासाला आम्ही एकदा मुलांना नकाशा काढायला सांगितला. पुस्तकातला नव्हे, घरापासून शाळेपर्यंतचा, आठवेल तसा. ही युक्ती आमची नाही. केविन लिंच या अमेरिकन नगररचनाकाराने बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांकडून असे नकाशे काढून घेतले होते. माणूस डोक्यातल्या शहराच्या आधाराने चालतो आणि त्या शहरात वाटा, कडा, भाग, चौक आणि खुणेच्या जागा असतात, असे त्याने १९६० च्या आपल्या पुस्तकात मांडले. आपल्या शहराला हे चपखल बसते. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, औरंगजेबाने १६८२ मध्ये तटबंदी उभारली. तट बहुतेक पडला, काही दरवाजे उरले. २०२३ मध्ये शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, तरी पत्ता आपण रोशन गेट, पैठण गेट, दिल्ली गेट असाच सांगतो.

नकाशे आले. मुलग्यांच्या कागदावर पतंगाचे दुकान, पंक्चरवाला, क्रिकेटचे मैदान. मुलींच्या कागदावर घर मोठे, शाळा मोठी आणि मध्ये एक रेघ. एकीने रेघेच्या दोन्ही बाजूंना काहीच काढले नव्हते. विचारले तर म्हणाली, "सर, इधर उधर नक्को देखो, सीधा जाओ बोलते अम्मी." आणखी एक गोष्ट दिसली. बऱ्याच कागदांवर एक चौक होता आणि त्या चौकापुढे कागद कोरा होता.

मुलांचे आम्हाला हसू आले. रात्री लक्षात आले, आमचाही कागद तिथेच कोरा आहे. घरून शाळेत जायची सरळ वाट त्याच चौकातून जाते, पंधरा मिनिटांची. आम्ही वळसा घालून जातो, बावीस मिनिटे लागतात. हा वळसा अब्बांचा. १९८८ च्या दंगलीनंतर त्यांनी तो धरला. तेव्हा आमचा जन्मही झालेला नव्हता. बोट धरून त्यांनी आम्हाला त्या वाटेने नेले, कारण कधी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

लंडनचे बिल हिलिअर आणि ज्युलिएन हॅन्सन यांचे १९८४ चे पुस्तक सांगते की कोणत्या रस्त्याला किती रस्ते कसे जोडले आहेत, यावर माणसांची ये-जा अवलंबून असते. कमी वळणांत जिथे पोहोचता येते तिथे पावले जास्त. सिटी चौकातली, गुलमंडीवरची गर्दी पाहिली की हे पटते. पण या हिशेबात अब्बांचा वळसा कुठे बसवायचा? रस्ता जोडलेलाच आहे, माणूस तुटलेला आहे.

मग सावध राहणे हा गुन्हा आहे का? आम्हाला तसे वाटत नाही. मे २०१८ मध्ये शहागंजात दुकाने जळाली, हे ज्याने पाहिले त्याला कुणी धाडसाचा धडा देऊ नये. मुलीला सरळ जा म्हणणारी आई तिच्या काळजीनेच तसे म्हणते. अडचण दुसरीच आहे. चौकाच्या पलीकडेही कुणी बाप आपल्या मुलाला आमच्या मोहल्ल्याला वळसा घालायला शिकवत असणार. अमेरिकन लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये लिहिले होते की रस्ता सुरक्षित ठेवतात ते येणाऱ्या-जाणाऱ्यांचे आणि दुकानदारांचे डोळे. दोन्हीकडचे लोक टाळू लागले की चौकातले डोळे कमी होतात आणि तो खरोखरच भीतीचा होतो. त्या भीतीत आमची रोजची सात मिनिटेही जमा आहेत.

आपल्या दीनमध्ये रस्त्याचा हक्क सांगितला आहे. वाटेवर बसणाऱ्यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बजावले की बसायचेच असेल तर रस्त्याला त्याचा हक्क द्या, नजर खाली ठेवा, कुणाला त्रास देऊ नका, सलामचे उत्तर द्या. नजर खाली ठेवण्याचे हे सांगणे नाक्यावर बसलेल्यांना आहे. कुरआनातही हा आदेश आधी पुरुषांना आहे, मग स्त्रियांना. आपण नाक्यावरच्यांना सोडून दिले आणि चालणाऱ्या मुलीची मान वाकवली. त्या रेघेच्या दोन्ही बाजू कोऱ्या का, याचे उत्तर मुलीच्या अम्मीपेक्षा आमच्यासारख्यांनी द्यायला हवे.

दुसरी हदीस बुखारीत आहे, हजरत जाबिर (रजि.) यांची. ईदच्या दिवशी प्रेषित (स.) एका वाटेने जात आणि दुसऱ्या वाटेने परतत. उलेमांनी याची कारणे अनेक सांगितली. दोन्ही वाटांवरच्या लोकांना सलाम व्हावा, दोन्हीकडच्या गरिबांना काही मिळावे, दोन्ही वाटांनी साक्ष द्यावी. ही सुन्नत आम्ही दरवर्षी पाळतो, पण दोन्ही वाटा आपल्याच मोहल्ल्यातल्या निवडून!

२०२५ च्या रमजान ईदला छावणीच्या ईदगाहहून परतताना मुलाला घेऊन आम्ही त्या चौकातून आलो. उन्हाचा तडाखा होता. कोपऱ्यावर रसवंती होती. दोन ग्लास रस घेतला. मालकाने टोपीकडे पाहिले की नाही, सांगता येणार नाही. आम्हीच त्याच्याकडे नीट पाहिले नाही. मुलाने सुटे पैसे दिले, त्याने मोजून गल्ल्यात टाकले.

सुट्टी संपल्यावर शाळेला निघालो. कोपऱ्यावर आलो आणि पाय आपसूक अब्बांच्या वाटेला वळले. बरेच पुढे गेल्यावर ते ध्यानात आले, आणि तोवर पहिली घंटा व्हायची वेळ झाली होती.